गावच्या घरात स्मार्ट फिटिंग: वायरवालं, मॉड्यूलवालं का नुसते वायफाय प्लग?

घर बांधून राहिले आहात, किंवा जुन्या घराचं फिटिंग बदलायला काढलंय, आणि पुण्यातलं पोरगं रोज फोनवर म्हणते का बाबा सगळं मोबाईलवर करून घ्या, तर समोर तीन रस्ते असतात. एक म्हणजे नागपूर-अमरावतीची कंपनी बोलावून केएनएक्ससारखं पूर्ण वायरवालं करायचं. दुसरं, आहे त्या बोर्डाच्या मागे मॉड्यूल, म्हणजे मोबाईलवरून चालू-बंद होणारं बारकं यंत्र, बसवून घरात एक हब, म्हणजे त्या सगळ्यांना हुकूम देणारी डबी, ठेवायचा, हे तालुक्याचा चांगला वायरमन करून देते. तिसरं, ऑनलाइन वायफायचे प्लग नि बल्ब मागवून आपणच लावायचे. जाहिरातीत तिन्ही सारखेच दिसतात, फोनवर बोट ठेवलं का लाईट लागते. फरक कळते तो लाईन गेल्यावर, आणि आपल्याकडे लाईन जाते हे काही नवीन सांगायला नको.

वायफायवाल्यापासून सुरू करू कारण ते लवकर आटपते. स्वस्त आहे, एखाद-दोन जागी भाड्याच्या खोलीत वगैरे मस्त चालते, पण यातले बहुतेक प्लग कंपनीच्या दूरच्या सर्व्हरला विचारून काम करतात, म्हणजे वानरांनी फायबरची तार तोडली का घरात बसून घरातलाच लाईट मोबाईलवर लागत नाही. हे बहुतेक राऊटरच्या २.४ गीगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यावर चालतात, आणि इंटरनेटवाल्यानं फुकट दिलेल्या राऊटरवर पंचवीस-तीस असे प्लग, त्यात घरातले सगळे मोबाईल नि टीव्ही, एवढं टाकलं तर तो राऊटर दम टाकते. दोन-तीन पॉइंटपुरतं घ्या, अख्खं घर यावर नका करू, बस.

आता खरी लढत केएनएक्स नि मॉड्यूल यांची.

केएनएक्सचं काम असं, प्रत्येक बटणापर्यंत वेगळी बारीक केबल जाते, तिच्यात साधारण ३० व्होल्ट डीसी असते, आणि पंख्या-लाईटाची खरी वायर प्रत्येकाची वेगवेगळी थेट डीबीपर्यंत, म्हणजे घराच्या मेन पेटीपर्यंत, आणावी लागते, तिथे निरोप आला का लाईन जोडणारे-तोडणारे रिले बसतात. मेंदू एका जागी नसते, जो तो आपला प्रोग्राम स्वतःजवळ ठेवते, त्यामुळे इंटरनेट नसो, एखादं बटण मरो, बाकीचं घर चालू राहते, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एकमेकांशी जुळते म्हणून एक कंपनी बंद पडली तरी घर अडकत नाही. भरवशाच्या बाबतीत याच्या जवळ दुसरं काही नाही, हे मान्य. पण स्लॅब पडायच्या आधी ठरवावं लागते, खर्च लाखांत जाते, आणि एक दिवा दुसऱ्या बटणावर घ्यायचा म्हटलं तरी ईटीएस नावाचं सॉफ्टवेअर येणारा माणूस लागते. तो माणूस आर्वी नाही तं वरुडमध्ये सापडेलच असं नाही, नागपूरवरून येईल, गाडीभाडं लावेल, आणि पेरणीच्या दिवसांत रस्ता खराब म्हणून पुढच्या हप्त्यावर ढकलेल. घेणारच असाल तर एक गोष्ट करारात लिहून घ्या, काम संपल्यावर ईटीएसची प्रोजेक्ट फाईल आपल्याला पेनड्राईव्हवर पाहिजे. ती नसली तर दुसरा माणूस जवळपास सगळं नव्यानं करायला लावते, म्हणजे तुम्ही त्या एकाच कंपनीला बांधले गेले.

मॉड्यूलवाल्यात बटण जुनंच राहते, त्याच्या मागे डबीएवढं यंत्र जाते, म्हणून आजीला काही नवीन शिकायचं काम नाही. घेताना वायफायऐवजी झिगबीचं, म्हणजे दुसऱ्या एका बिनतारी पद्धतीचं, घ्या असं माझं मत, कारण ते घरातल्या हबशी बोलते, आणि लाईनवर चालणारे बहुतेक मॉड्यूल निरोप पुढच्याला देत जातात. आपल्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती दीड-दोन फुटांच्या, वर टिनाचं छप्पर, तिथे एकटा राऊटर मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही पण मधे मॉड्यूल असले तर निरोप पोचते. फक्त हब इंटरनेटशिवाय चालते का हे दुकानदाराला नुसतं विचारू नका, त्याच्यासमोर राऊटरची पिन काढून दाखवायला लावा.

पण याची खरी भानगड बोर्डात आहे. पहिली, न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर. जुन्या फिटिंगमध्ये बोर्डात नुसता फेज असते आणि न्यूट्रल वरून थेट पंख्याला गेलेला, बिना-न्यूट्रलचे मॉड्यूल मिळतात पण कमी वॅटचा एलईडी त्यावर बंद करूनही मिणमिणते. नवं घर असेल तर वायरमनला आजच सांगा, प्रत्येक बोर्डात न्यूट्रल नि खोल बॉक्स. दुसरी, इन्व्हर्टर. आपल्याकडे एकाच बोर्डात पंखा नि ट्यूब इन्व्हर्टरवर, सॉकेट नि कूलर मेनवर, असं सर्रास असते, आणि चार बटणांच्या बऱ्याच मॉड्यूलला फेजचं तोंड एकच. वायरमननं विचार न करता जोडलं तर कूलरही इन्व्हर्टरवर जाते आणि लाईट गेल्या गेल्या बॅटरी बसते. अशा बोर्डात दोन वेगळे मॉड्यूल लागतात, त्याचे पैसे आधीच धरा.

तिसरी सेटिंगची आहे, पण झोप तीच उडवते. लाईन परत आल्यावर मॉड्यूलनं काय करायचं, चालू, बंद का आधीसारखं, हे ॲपमध्ये ठरवता येते. कंपनीकडून 'चालू' करून आलेलं असलं आणि कोणी बदललं नाही, तर रात्री दोनला लाईन आली का घरातले सगळे दिवे भक्कन लागतात, अंगणातलेसुद्धा.

कूलरचं वेगळं सांगतो कारण मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत आपलं घर त्याच्यावरच चालते, आणि शहरातला विक्रेता एसीचंच बोलत राहते. फायदा चांगला आहे, पंप दहा मिनिटं आधी सुरू करून खस ओली करायची नि मग पंखा. पण मोटर सुरू होताना जोरात करंट ओढते, बारके रिले चिकटतात, म्हणून कूलरला १६ अँपिअरचंच मॉड्यूल, आणि टाकीत फ्लोट स्विच, नाहीतर पाणी संपल्यावर पंप कोरडा फिरून जळते. बोअरची मोटर मॉड्यूलवर डायरेक्ट अजिबात नाही, तिला स्टार्टर नि काँटॅक्टर, म्हणजे मोटरचा जोराचा करंट झेलणारा मोठा रिले. वावरातल्या पंपाचा मोबाईल स्टार्टर आहे तसाच वेगळा राहू द्या, त्याला सिमच बरं. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या रिमोटवाल्या, पंख्याला मॉड्यूलचा रेग्युलेटर लावू नका, त्याची स्पीड त्याच्याच रिमोटनं.

दोन्हीला सारखीच लागू असलेली गोष्ट म्हणजे अर्थिंग. मृगाच्या आधीच्या विजा, नाही तं डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल तुटणं, जेव्हा घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्ट शिरू शकतात, यात साधा बल्ब जाते पण स्मार्टवाल्या घरात भिंतीतली सगळी यंत्रं एकदम जातात. डीबीमध्ये टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर आणि जास्त-कमी व्होल्टेजला लाईन कापणारं उपकरण, दोन्ही पाहिजे, कारण पहिलं विजेसाठी नि दुसरं न्यूट्रलसाठी. अर्थिंगचा खड्डा कोरडा असेल तर सर्ज प्रोटेक्टर नुसता शोभेचा. कोटेशनमध्ये या तीन ओळी नसतील त्याला कोटेशन परत करा, कंपनी असो का वायरमन.

बॅटरीचाही हिशोब पहा. एक मॉड्यूल बसल्या-बसल्या अर्धा ते एक वॅट खाते, वीस मॉड्यूल म्हणजे दिवसाला पाव ते अर्धा युनिट, आणि १५० एएचची १२ व्होल्ट बॅटरी कागदावर १.८ युनिटची. रात्रभर लाईन गेली तर चालते, वादळानं खांब पडून दोन दिवस गेली तर जाणवते.

तर स्लॅब अजून पडायचा असेल, बजेट मोकळं असेल आणि नागपूरची कंपनी तुमच्या तालुक्यात आधी केलेलं एखादं घर दाखवू शकत असेल, तर केएनएक्स. त्या घरमालकाला एकट्यात भेटा, विक्रेत्यासमोर नाही. बाकी सगळ्यांना झिगबी मॉड्यूल, तेही आधी हॉल, एक बेडरूम, कूलर नि वरच्या टाकीची लेव्हल एवढंच. जुन्या फिटिंगचं घर असेल तर मॉड्यूलच्या आधी वायरिंगवर पैसे घाला. हबचं खातं तुमच्याच मोबाईल नंबरवर काढा, वायरमनच्या नाही, आणि प्लास्टर व्हायच्या आधी भिंतीतल्या पाईपांचे फोटो मोजायची टेप लावून काढून ठेवा.

शेवटचा हप्ता देण्याआधी मेन पाडा, राऊटर काढा, इन्व्हर्टरवर घर ठेवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाथरूमचा लाईट लावायला सांगा. लागला तर पैसे द्या.