सीलबंद डबा आणि सव्वाअकरा सेंटीमीटरचा पंख

विमानाच्या छोट्या प्रतिकृतीचं जुनं किट विकणारा माणूस 'सील फोडलं तर किंमत जाते' म्हणाला, की व्यवहार तिथंच थांबवा. माझे साडेचार हजार रुपये या एका वाक्यावर गेले.

मला एस.ई.५ए करायचं होतं. पहिल्या महायुद्धातलं हे ब्रिटिश दुपंखी लढाऊ विमान आपल्या इंद्रलाल रॉयनं चालवलं. कलकत्त्याचा पोरगा, ४० नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये होता. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याच्या नावावर १० विजय लागले आणि २२ जुलैला तो गेला. वय अवघं १९. त्याचं विमान आपल्या शोकेसमध्ये असावं असं कोणाला वाटणार नाही?

आता नागपुरात हे मिळणार कुठं? सीताबर्डीत रिमोटची हेलिकॉप्टरं ढिगानं आहेत, पण १/४८ चं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं दुपंखी मागितलं की दुकानदार आपल्याच तोंडाकडे बघत राहतो. बाहेरून मागवलं तर कुरियर आणि कस्टम मिळून किटाएवढेच पैसे जातात. म्हणून आम्ही हौशी लोक जुन्या मालाच्या मागे असतो. अशी किटं बनवणारी न्यूझीलंडची विंगनट विंग्ज कंपनी २०२० मध्ये बंद पडल्यापासून तर न उघडलेल्या डब्यांना सोन्याचा भाव आलाय, आणि ठगांना हे आपल्याआधी कळतं.

'एस.ई.५ए पाहिजे' असं मी ऑनलाइन टाकलं आणि त्या विकणाऱ्याचा फोन आला. बोलणं अस्सल आपल्याकडचं. बाबा हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडला होते म्हणे, लहानपण इथल्या वायुसेनानगरात गेलं, आता नोकरी पुण्यात. वाइपर इंजिन, वरच्या पंखावरची लुईस गन, पीसी-१० चा तो मातकट हिरवा रंग, सगळं तोंडपाठ. डब्यात रॉयच्या विमानाची डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, आहेत असंही त्यानं सांगितलं. आतल्या भागांचे फोटो मागितले तर म्हणाला, "भाऊ, सील फोडलं तर किंमत जाते. आणि गावातल्या माणसाले फसवून मी कुठं जाईन?"

डबा आला. प्लास्टिक ताणून बसवलेलं, कोपरे कडक. मात्र डब्याच्या पाठीवर मधोमध वितळलेल्या प्लास्टिकची वेडीवाकडी रेघ होती. तापवलं की आवळणाऱ्या या श्रिंक प्लास्टिकचा रोल पॅकिंगचं सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतो. हेअर ड्रायर फिरवला की झालं सील तयार!

उघडताना बायकोला मोबाइलवर शूटिंग करायला लावलं होतं. वरचा पंख हातात घेतल्याबरोबर तो हलका लागला. पट्टी लावली. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ८.११ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये जवळजवळ १७ सेंटीमीटर यायला हवा. पट्टीवर भरला सव्वाअकरा. डबा १/४८ चा, माल १/७२ चा! त्यातही दोन पंखांमधले चार स्ट्रट, म्हणजे टेकू, असतात त्यातले दोन गायब, सीट गायब. दुपंखी विमानात स्ट्रट नसले की वरचा पंख बसवायचा कशावर? डिकलचा एक तुकडा कापून वाटीतल्या पाण्यात सोडला. डिकल कागदावरून सुटायला पाहिजे, तर इथं पंखावरच्या गोल चिन्हाचा निळा रंगच पाण्यात पसरला. घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर काढलेलं चित्र होतं ते.

त्याला व्हिडिओ पाठवला. ओरडाआरडा करेल असं वाटलं होतं, पण हा उलट माफी मागायला लागला. "चुकून दुसरा डबा गेला भाऊ, लगेच पैसे परत करतो," म्हणत त्यानं क्यूआर कोड पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा. खरा डाव इथं होता. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मी टाकला नाही. दोन तासांत त्याचा नंबर बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. व्यवहाराचा क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, उघडतानाचा व्हिडिओ, सगळं जोडलं. हा फोन जितका लवकर कराल तितकी समोरच्या खात्यातले पैसे अडकवण्याची आशा जास्त असते. माझ्या बाबतीत खातं भलत्याच नावाचं निघालं, पैसे अजून आलेले नाहीत.

तुम्ही घेत असाल तर व्हिडिओ कॉलवरच डबा उघडायला लावा आणि पंखाशेजारी पट्टी ठेवायला सांगा. मोकळ्या मनाचा विकणारा हसून ठेवतो. स्ट्रट मोजून घ्या, डिकलचा कागद उजेडात तिरका धरून त्यावरची वार्निशची चकाकी बघा. नागपूरचा आहे म्हणाला तर धरमपेठेत चहाला बोलवा, यायला बहाणे केले की समजून जा.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवं, फोटो तोच: उजवा खालचा कोपरा चेपलेला डबा. तो डबा माझ्या कपाटावर आहे, आणि तिकडे पाचशे रुपये कमी करून विकायला काढलाय.