रोमकरांस १३ का प्रकटीकरण १३?

यवतमाळकडं आमच्या खेड्यात प्रार्थना झाली का चहावर हा वाद हमखास निघते, मोर्च्यात जायचं का नाही. जुनी मंडळी बायबलातलं रोमकरांस १३ काढतात, म्हंजे पौलानं रोमच्या ख्रिस्ती लोकाईले लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय, अधिकार देवानं नेमला, टॅक्स भरा, गप रहा (गप रहा त्यात नाही बरं, ते आपल्या लोकाईनं जोडलं). पोट्टे बायबलाचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, त्याचा १३ वा अध्याय काढतात, तिथं तीच रोमची सत्ता समुद्रातून निघालेलं श्वापद आहे अन् त्याची खूण हातावर नाहीतर कपाळावर नसन तं काही घेता येत नाही, विकता येत नाही. कापूसवाल्याले हे समजावून सांगा लागत नाही.

मले दुसरं जास्त पटते. पहिल्याचा वापर लय सोयीचा झाला, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदवाल्या सरकारनं तेच पुढं केलं, म्हणून तिथल्याच वर्णभेदाविरुद्धच्या ख्रिस्ती लोकाईनं काढलेल्या १९८५ च्या कैरोस दस्तऐवजानं सरळ म्हटलं का पौल तिथं जुलमी राज्याबद्दल बोलतच नव्हता. पण प्रकटीकरण हाती तलवार देत नाही, १३:१० मध्ये धीर धरा म्हणते, तेवढं पोट्टे वाचत नाहीत. मोर्च्याले तं बायबलातलंच प्रेषितांची कृत्ये ५ बरं, येशूचा शिष्य पेत्र यहुद्यांच्या न्यायसभेले तोंडावर सांगते का माणसापेक्षा देवाचं ऐकू, अन् फटके खाऊन पुन्हा मंदिरात शिकवाले जाते.