रुगर न्यू व्हाकेरो : काउबॉय धाटणीचे सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर घ्यावे का?

गेले कित्येक महिने मी रुगर कंपनीचे न्यू व्हाकेरो हे रिव्हॉल्व्हर नियमितपणे वापरत आहे. माझ्याकडचे स्टेनलेस स्टीलचे, ३५७ मॅग्नम काडतुसाचे आणि आखूड म्हणजे ४.६२ इंची नळीचे आहे. मी ॲरिझोनात राहतो आणि बहुतेक सराव फिनिक्सच्या उत्तरेकडील बेन एव्हरी या सार्वजनिक रेंजवर करतो. घरात संरक्षणासाठी एखादे शस्त्र हवे म्हणून आपण या प्रकाराकडे पाहत असाल, तर माझे उत्तर सरळ नकारार्थी आहे. त्या कामासाठी याहून सोपी, भरायला जलद आणि बहुधा स्वस्तही शस्त्रे याच दुकानांत मिळतात. पुढचा मजकूर नेमबाजीचा छंद म्हणून विचार करणाऱ्यांसाठी आहे.

सिंगल-ॲक्शन प्रकारात चाप ओढल्याने घोडा (मागचा हातोडा, हॅमर) फक्त सुटतो. तो मागे ओढण्याचे काम प्रत्येक बाराआधी अंगठ्यानेच करावे लागते आणि त्या हालचालीबरोबर सिलिंडर एक घर पुढे फिरते. सिलिंडर बाजूला उघडत नाही. उजव्या अंगाची छोटी झडप उघडायची, एक काडतूस सरकवायचे, सिलिंडर एक घर फिरवायचे, पुढचे सरकवायचे. रिकामे करताना नळी आकाशाकडे धरून नळीखालची दांडी एकेका घरात दाबायची, की पुंगळ्या एकामागून एक पायाशी पडतात. सहा बारांना जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ या भरण्या-उपसण्यात जातो. ज्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो त्यांनी हे रिव्हॉल्व्हर घेऊ नये. इतर गुणदोषांची चर्चा त्यांच्यापुरती निरर्थक आहे. मला मात्र प्रत्येक बार स्वतंत्रपणे ठरवून करावा लागणे हीच या वस्तूची खरी किंमत वाटते. स्वयंचलित पिस्तुलाने माझा नेम जेवढा सुधारला नव्हता, तेवढा याने सुधारला, कारण इथे घाई करण्याची सोयच नाही.

घराण्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण निवड बरीचशी त्यावर अवलंबून आहे. मूळ नमुना कोल्टचा, अमेरिकन सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलेला सिंगल ॲक्शन आर्मी. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कोल्टने त्याचे उत्पादन थांबवले आणि १९५६ मध्ये ते पुन्हा सुरू केले. मधल्या काळात टीव्हीवर काउबॉय मालिकांची चलती होती आणि ती संधी साधून रुगरने १९५३ मध्ये सिंगल-सिक्स बाजारात आणले. त्याचे बाह्यरूप जुने, पण आत कोल्टच्या सपाट पट्टीच्या स्प्रिंगांऐवजी वेटोळ्याच्या स्प्रिंगा होत्या. जुन्या कोल्टमध्ये मोडण्याची सवय असलेला भाग हाच, त्यामुळे हा बदल फार मोलाचा ठरला. काउबॉय नेमबाजीच्या स्पर्धा वाढल्यावर १९९३ मध्ये व्हाकेरो आले आणि २००५ मध्ये, कोल्टच्या मापाजवळ जाणाऱ्या लहान चौकटीचे (फ्रेमचे) न्यू व्हाकेरो.

सुरक्षिततेच्या बाबतीतला फरक तर प्रत्येक खरेदीदाराने नीट समजून घ्यायला हवा. जुन्या कोल्टमध्ये फायरिंग पिन, म्हणजे काडतूस पेटवणारी सुई, घोड्यालाच जडवलेली असते आणि घोडा पूर्ण खाली असताना तिचे टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकते. अशा वेळी घोड्यावर आघात झाला, तर बार उडू शकतो. म्हणून जुनी माणसे पाचच काडतुसे भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. रुगरने १९७३ पासून आपल्या सिंगल-ॲक्शनमध्ये ट्रान्सफर बार नावाची पट्टी बसवली. फायरिंग पिन चौकटीत असते, घोडा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि चाप मागे ओढून धरलेला असेल तेव्हाच मधली पट्टी वर येऊन घोड्याचा ठोका पिनपर्यंत नेते. त्यामुळे सहाही घरे भरता येतात. काउबॉय स्पर्धेत मात्र नियम जुनाच आहे : रिव्हॉल्व्हर कोणतेही असो, पाच काडतुसे आणि घोडा रिकाम्या घरावर. मला हा नियम आवडतो, कारण मैदानावर कोणाच्या कमरेला कोणत्या साली बनलेले शस्त्र आहे याचा विचारच करावा लागत नाही.

हातात धरल्यावरचा अनुभव सांगतो. मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली आणि अरुंद आहे. माझी करंगळी तिच्यावर मावत नाही, म्हणून ती मी बुडाखाली दुमडून ठेवतो. बार झाल्यावर धक्का सरळ तळव्यात न बसता मूठ हातातल्या हातात किंचित फिरते, नळी वर उचलली जाते आणि त्याच ओघात घोड्याचे टोक अंगठ्याच्या टप्प्यात येते. मूठ घट्ट आवळून हे फिरणे रोखू पाहणाऱ्याला हे रिव्हॉल्व्हर त्रासदायक वाटेल. याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणाऱ्या, कमी ताकदीच्या ३८ स्पेशल काडतुसांनी धक्का अगदी सौम्य असतो. पूर्ण ताकदीच्या मॅग्नमने मात्र हात लवकरच शिणतो, आणि मी ती क्वचितच वापरतो. एक सूचना आवर्जून करतो : आधाराच्या हाताची बोटे सिलिंडरच्या पुढे कधीही जाऊ देऊ नयेत. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तप्त वायू आणि शिशाचे कण बाजूला फेकले जातात.

नेमासाठी पुढे माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) आणि मागे चौकटीतच कोरलेली खाच, एवढेच. दोन्ही स्थिर असल्यामुळे स्क्रू फिरवून नेम जुळवण्याची सोय नाही. गोळीचे वजन बदलले की निशाणाची उंची बदलते : जड गोळी वर लागते, हलकी खाली. जड गोळी नळीत अधिक वेळ राहते आणि तोवर नळी वर उचललेली असते, हे त्यामागचे कारण. मी दोन-तीन वजने वापरून पाहिली, एक ठरवले आणि नंतर तेच ठेवले. ज्यांना दर वेळी वेगळी काडतुसे वापरायची आहेत किंवा कागदी लक्ष्यावर बारीक नेमबाजी करायची आहे, त्यांनी हलवता येणाऱ्या खाचेचे रुगर ब्लॅकहॉक घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

३५७ की ४५ कोल्ट हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. ४५ ऐतिहासिक आहे, त्याचा आवाज भारदस्त आहे, पण काडतुसे महाग पडतात. ३५७ च्या सिलिंडरमध्ये ३८ स्पेशलही चालते आणि खर्चाच्या दृष्टीने तोच निर्णायक मुद्दा आहे. आखूड ३८ पुष्कळ वापरल्यावर घरांत काजळीचे कडे साचते आणि मग लांब मॅग्नम नीट आत जात नाही. ब्रशने ते काढणे हा माझ्या सफाईतला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे. ४५ घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : जुन्या, दणकट व्हाकेरोसाठी लिहिलेले जोरकस ४५ काडतुसांचे दारूचे प्रमाण या लहान चौकटीत वापरायचे नसते.

इटलीच्या उबेर्टी कंपनीचे कॅटलमन क्लबातील एका गृहस्थांनी मला वापरायला दिले होते. देखणेपणात, घोडा ओढतानाच्या जुन्या टिकटिकीत आणि हातातल्या तोलात ते सरस आहे, हे मान्य करायला हवे. तरी भरपूर वापर आणि कमी काळजी हा हिशेब असेल तर मी रुगरच निवडेन. केवळ सराव आणि कमी खर्च हवा असेल, तर २२ बोअरचे रुगर रँग्लर घेऊन सुरुवात करणे सर्वांत शहाणपणाचे. क्रिया तीच आहे आणि काडतुसे अतिशय स्वस्त.

स्पर्धेत उतरायचा विचार असेल, तर एका रिव्हॉल्व्हरची किंमत पाहून अंदाज बांधू नये. तिथे दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची रायफल आणि एक शॉटगन लागते. गोळी शिशाची हवी आणि रिव्हॉल्व्हरमधून तिचा वेग सेकंदाला १००० फुटांच्या आत हवा. शिवाय प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावे लागते. मी ‘भीमथडी’ निवडले, आणि घोड्यांशी त्याचा संबंध आहे एवढे सांगितल्यावर मंडळी खूश झाली.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी कायद्याची बाजू महत्त्वाची आहे. दुकानातून हँडगन घेण्यासाठी वय २१ पूर्ण हवे आणि संघीय फॉर्म ४४७३ भरावा लागतो. ग्रीन कार्डधारकाला खरेदी करता येते; एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मात्र वैध शिकार परवान्यासारखा अपवाद लागू होत नसेल, तर शस्त्र किंवा काडतूस बाळगणेही संघीय गुन्हा ठरतो. न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून परवाना घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावे लागते. पण तिथे विक्रीयोग्य हँडगनची जी मर्यादित यादी आहे, तिच्यातून किमान पाच काडतुसांच्या आणि तीन इंच वा अधिक नळीच्या पूर्ण मापाच्या सिंगल-ॲक्शनला सूट आहे, त्यामुळे बे एरियातील मंडळींना हा प्रकार तुलनेने सहज मिळतो.

रेंजवर नेण्याची पिशवी वेगळी ठेवावी आणि ती प्रवासाला कधीही वापरू नये. अस्तराच्या घडीत राहिलेले एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरण तपासणीत दिसले, तर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, मग परतीचे तिकीट कधीचेही असो. माझ्या पिशवीवर लाल पट्टी शिवलेली आहे आणि ती गॅरेजमध्ये, तिजोरीशेजारच्या खुंटीवर असते. घरातल्या बॅगांच्या माळ्यावर तिला जागा नाही.