सहा बाय चारचं तयार लोखंडी खुराडं: सांगाडा घ्या, जाळी बदलून घ्या

साताऱ्यापासून कराडमार्गे पेठ नाक्यापर्यंत महामार्गालगतच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांपुढं झोपाळे, ग्रीलची गेटं आणि टाकीचे स्टँड यांच्या रांगेत आता परसातल्या कोंबड्यांसाठी तयार खुराडंही उभं दिसतं. लांबी ६ फूट, रुंदी ४ फूट, पायांसकट उंची साडेपाच ते सहा फूट. वर निळा किंवा लाल पत्रा, चारी बाजूंनी जाळी, पुढं एक दार, आत दोन पत्र्याचे खण. दुकान बदललं तरी माल जवळपास हाच असतो, म्हणून हे परीक्षण एखाद्या दुकानाचं नसून या बनावटीचं आहे.

‘पन्नास पक्षी आरामात बसतील’ हे विकणाऱ्याचं वाक्य आधी बाजूला ठेवा. तळ २४ चौरस फुटांचा आहे. दिवसभर परसात चरून फक्त रात्री डालायच्या मोठ्या कोंबडीला निदान १ चौरस फूट लागतो. म्हणजे एकूण २० पक्षी, त्यात दोन कोंबडे. दिवसरात्र कोंडूनच ठेवायच्या असतील तर दहाच्या वर जाऊ नका. पन्नास बसतील ती पिल्लं, आणि तीही काही आठवडेच. दाटी झाली की पहिल्यांदा शेपटीजवळची पिसं जातात, मग चोची मारून रक्त काढणं सुरू होतं. त्यावर औषध नाही, पक्षी कमी करणं हाच उपाय.

सांगाडा मात्र घेण्यासारखा असतो. तो १ इंची चौकोनी पाईपचा करतात. फरक पाईपच्या गेजमध्ये, म्हणजे पत्र्याच्या जाडीत पडतो (गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ) आणि रंग मारल्यावर गेज डोळ्यांना कळत नाही. म्हणून वजन विचारा. २० फुटी १ इंची पाईप १६ गेजची असेल तर ७ किलोच्या थोडी वर भरते, १८ गेजची साडेपाच किलोच्या आसपास आणि २० गेजची चार किलोच्या आसपास. पायांना १६ गेज हवंच, वरच्या चौकटीला १८ चालतं. सगळं खुराडं २० गेजचं असेल तर दुसऱ्या पावसाळ्यात पाय जमिनीलगत कुजतात. रंगाची परीक्षाही सोपी आहे. पायाच्या खालच्या टोकाला खिळ्यानं ओरखडा काढा. रंगाखाली तांबूस रेडऑक्साईड, म्हणजे गंज रोखणारं अस्तर, दिसलं तर काम नीट झालंय. थेट काळं लोखंड दिसलं तर तो रंग फक्त दुकानापुढं उभं करण्यापुरता आहे.

पाईपची टोकं उघडी ठेवतात, हा दोष जवळजवळ सगळीकडं आहे. उघड्या टोकातून पाणी जातं आणि पाईप आतून गंजतो. त्याहून वाईट म्हणजे रेड माइट म्हणतात ते बारीक तांबडे किडे दिवसा तिथं दडून बसतात, रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबड्यांचं रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत पाईपात जातात. बाई सकाळी कोंबडी उलटीपालटी करून बघते, अंगावर काही सापडत नाही, पण तुरा पांढरा पडत जातो आणि अंडी थांबतात. दुकानातच प्रत्येक टोकाला पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

आता जाळी. या मालातली खरी खोट इथं आहे.

बहुतेक ठिकाणी षटकोनी विणीची ‘कोंबडी जाळी’ मारलेली असते. बारीक तार, एकीला एक पीळ घातलेली. ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्र्यानं एकदा दातात धरून ओढलं की पीळ सुटतो आणि पुढचं भोक आपोआप मोठं होत जातं. काही दुकानदार ‘वेल्डमेश आहे’ (तारा एकमेकींना वेल्ड केलेली जाळी) म्हणून २ इंची चौकटीची जाळी दाखवतात. ती तुटत नाही, पण २ इंचांतून पिल्लू बाहेर पडतं, मुंगूस आत शिरतं, आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय रानमांजर बाहेरूनच ओढतं. सकाळी जाळीशी कोंबडी मेलेली आणि तिचं डोकं किंवा तंगडी गायब, दार मात्र बंद, असं दिसलं की चोर आत आलाच नव्हता हे समजावं. जाळीनंच त्याला वाट दिली.

दुकानात सांगून बसवून घ्यायची जाळी अशी: चारी बाजूंना १ बाय १ इंच चौकट, १४ गेज म्हणजे २ मिलिमीटर जाडीची तार, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डमेश. त्याच्यावर खालच्या २ फुटांच्या पट्ट्याला अर्धा बाय अर्धा इंचाची दुसरी जाळी. खुराड्याचा घेर २० फूट. ४ फूट रुंदीच्या रोलमधून ११ फूट लांब तुकडा घेतला आणि मधोमध उभा कापला की २ फूट रुंदीच्या दोन पट्ट्या मिळतात, त्यात कोपऱ्यावर चढवायलाही जाळी उरते. अर्धा इंच चौकटीतून धामण, मोठा उंदीर, घूस आत येत नाहीत. बारीक चिचुंद्री-उंदराचं पिल्लू येईल, पण ते दाण्यासाठी येतं. रात्री आत दाणा ठेवलाच नाही तर तेही येणार नाही.

जाळी चौकटीच्या बाहेरून बसवायला सांगा. बाहेरून बसवली की ढकलणाऱ्या जनावराचा जोर पाईपवर जातो. आतून बसवली असेल तर तोच जोर वेल्डिंगच्या टाक्यावर येतो आणि टाका सुटतो. जाळी पाईपला थेट वेल्ड केली तर टाक्याच्या जागी जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. पाऊण इंची लोखंडी पट्टीखाली दाबून, वॉशर घातलेल्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूनं दर ६ इंचांवर आवळलेली जाळी सगळ्यात टिकते आणि पुढं बदलताही येते.

जाळीवर एवढं बोलायचं कारण आहे. आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा यांतलं काहीही मारणं गुन्हा आहे. तरीही कोंबडी गेल्याच्या रागात कुणी फासकी लावतं, कुणी मेलेल्या कोंबडीत विष घालतं, कुणी कुंपणाला वीज सोडतं. विषाची कोंबडी शेजारचं कुत्रं खातं आणि विजेच्या तारेला पहाटे पाणी पाजायला निघालेलं माणूस चिकटतं. तोच मुंगूस शेतातले उंदीर आणि सापही खात असतो. घरच्या बाईनं कोंबड्या राखायच्या त्या जाळीनं आणि कडीनं.

बिबट्याची गोष्ट वेगळी. कराड, पाटण, शिराळ्याच्या उसात तो असतो आणि असलं खुराडं त्याला अडवू शकत नाही. त्या भागात खुराडं उसाच्या कडेला, गोठ्यामागच्या अंधारात ठेवूच नका. घराच्या भिंतीला लागून, दिव्याच्या उजेडात ठेवा. मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा.

दार आणि कडी बघताना एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. ही खुराडी बनवणाऱ्यानं बहुधा कधी खुराडं झाडलेलं नसतं. झाडते घरातली बाई. दार पुढं एकच, दीड बाय दोन फुटांचं, आणि खोली ४ फूट. खांद्यापासून बोटापर्यंत बाईचा हात सव्वादोन फुटांच्या आसपास पोचतो. मागच्या कोपऱ्यातलं अंडं काढायला किंवा आजारी पक्षी धरायला तिला डोकं आणि छाती आत घालावी लागते, तोंडावर विष्ठेचा वास आणि डोळ्यांत धूळ. लसीकरणाला वीस पक्षी धरायचे असतील तर सगळे नेमके मागं जाऊन बसतात. म्हणून मागच्या बाजूलाही दार हवं. पुढचं दार निदान ३ फूट रुंदीचं, दोन पानांचं करून घ्या. अंड्यांच्या खणाला बाहेरून उघडणारं झाकण हवं, म्हणजे अंडी गोळा करायला मोठं दार उघडायचीच गरज नाही. दाराच्या खालची फट अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. नुसती सरकणारी कडी कुत्र्याच्या धक्क्यानं हलत हलत सुटते, तिच्या भोकात स्प्रिंगचा हुक अडकवायची सोय हवी.

तळाला जाळी असते ती मोठ्या पक्ष्यांना चालते, पण कापलेली टोकं वर आलेली असतात. तळहात फिरवून बघा. टोचलं तर कोंबडीच्या तळव्यालाही टोचणार, आणि गिरिराज-वनराजसारख्या जड पक्ष्यांत त्या जखमेची गाठ होते, पक्षी लंगडतो. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून आलेला गिरिराज आणि हैदराबादचा वनराज गावरानापेक्षा वजनानं कितीतरी भारी, त्यांची उडीही जड. तळाखाली सरकते पत्र्याचे दोन ट्रे मागून घ्या, ६ फुटांचा एक नको, भरल्यावर तो एकटीला ओढवत नाही. ट्रेमध्ये भाताचं तूस किंवा राख पसरली की विष्ठा सुकी राहते, माशी बसत नाही आणि कोंबडखत गोळा होतं. ते ताजं झाडांना घालू नका, मुळं जळतात. दोन-तीन महिने कुजवून मग वापरा.

बसायला आत लोखंडी पाईप दिलेला असतो तो काढून टाका. निसरडा, थंडीत गार आणि पंजाला बारीक. साल काढलेली, कडा गोल केलेली २ इंच रुंदीची निलगिरीची किंवा सुबाभळीची काठी घाला. पक्ष्यामागं ८ इंच धरले तर वीस पक्ष्यांना तेरा फूट चार इंच लागतात, म्हणजे ६ फुटांच्या तीन काठ्या पुरून उरतात. तिन्ही एकाच उंचीवर हव्यात, नाहीतर वरच्या काठीसाठी रोज संध्याकाळी मारामारी. गावरानाला तळापासून दीड फूट, जड जातीला एक फूट पुरे. अंड्यांचे खण काठीपेक्षा खाली असावेत. ते उंच असतील तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेनं माखतात. दोन खण अपुरे आहेत, पाच कोंबड्यांना एक या हिशेबानं चार हवेत, प्रत्येकी १२ इंच लांब-रुंद-उंच, आत जरा अंधार.

पत्र्याचं छप्पर माण-खटावच्या उन्हाळ्यात भट्टी होतं. वर सहा इंच उसाचं पाचट बांधा किंवा चुना मारा, आणि लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे ऊन थेट आत शिरत नाही. पाटण-जावळीच्या पावसाला उलट दुखणं: छप्पर बाजूंना ६ इंचच पुढं येतं, ते दीड-दोन फूट यायला हवं. पावसाच्या बाजूला पोतं किंवा ताडपत्री सोडा, पण वरचा एक फूट उघडा ठेवा. चारी बाजू आवळून टाकल्या तर विष्ठेचा उग्र वास कोंडतो, डोळ्यांना पाणी येतं, घरघर लागते. पायांखाली शहाबादीचे तुकडे ठेवा आणि प्रत्येक पाय पाणी भरलेल्या डब्यात उभा करा. मुंग्या वर चढत नाहीत. अंड्यातून बाहेर येणाऱ्या ओल्या पिल्लाला मुंग्या जिवंत खातात.

चांगलं खुराडं मानमोडी (राणीखेत रोग) थांबवत नाही, हेही विकणाऱ्याच्या बोलण्यात येत नाही. लसोटा ही मानमोडीची लस ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात एक थेंब, गंबोरो रोगाची लस १४ व्या दिवशी, लसोटा पुन्हा २८ व्या दिवशी, देवीची लस सहाव्या आठवड्यात, आर टू बी ही मानमोडीचीच पुढची लस आठव्या आठवड्यात. लस बर्फातूनच आणायची आणि कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. कुपी बहुधा शंभर मात्रांची येते, म्हणून बचत गटातल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी पक्षी टोचून घ्यावेत. पहाटे अंधार असताना, कोंबड्या काठीवर असतानाच धरा. दोन दारांचा उपयोग तेव्हा कळतो.

दहापेक्षा कमी कोंबड्या असतील तर हे खुराडं घेऊ नका, विटांचं पक्कं आणि पुढं जाळीचं दार असलेलं स्वस्तात होतं. पंधरा-वीस असतील आणि वरचे बदल रंग मारायच्या आधी करून मिळत असतील तर जरूर घ्या. तयार उभा असलेला नग ‘आहे तसा’ उचलू नका. गटानं मिळून चार-पाच नग सांगितले की वेल्डर बदल ऐकतो, एकटीचं ऐकेलच असं नाही.

घरी आणल्यावर पहिले तीन-चार दिवस कोंबड्या आतच कोंडा, पाणी आणि दाणा आतच द्या. नंतर रोज संध्याकाळी ठरल्या वेळी डबा वाजवून पक्ष्यामागं ३०-४० ग्रॅम ज्वारी-मका आत टाका, ती टिपून संपली की दार लावा. आठवडाभरात त्या आपण होऊन आत येतात. आणि जुनं बांबूचं डालगं मोडीत काढू नका. खुडूक बसलेली कोंबडी या खुराड्यात बाकीच्यांच्या धक्क्यानं अंडी सोडून उठते; तिला १२-१४ अंड्यांवर २१ दिवस निवांत बसायला घरातल्या कोपऱ्यात ते डालगंच लागतं.