मोबाईल टीव्हीला जोडायचाय? केबल की कास्ट

पुण्याच्या तपकीर गल्लीत टाईप-सी टू एचडीएमआय केबल सहज मिळते, पण घ्यायच्या आधी फोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड (म्हणजे टाईप-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर पाठवायची सोय) लिहिलंय का ते बघा, कारण टाईप-सी पोर्ट असला म्हणजे त्यातून व्हिडिओ बाहेर येतोच असं नाही, बजेट फोनमध्ये तर बहुतेक वेळा येतच नाही आणि मग ती केबल नुसती ड्रॉवरमध्ये पडून राहते. सॅमसंगची एस सिरीज, आयफोन 15 आणि पुढचे, यांत चालतं. चाललं की मात्र एक नंबर, लॅग, म्हणजे चित्र उशिरा दिसणं, जवळपास नाहीच, गेम खेळणाऱ्यांनी दुसरा विचारच करू नये.

कास्टचं वेगळंय. यूट्यूबमधलं कास्टचं बटण दाबलं की फोन फक्त कुठला व्हिडिओ लावायचा तेवढं सांगतो, बाकी टीव्ही स्वतःच वायफायवरून ओढतो, त्यामुळे मधे मावशीचा फोन आला तरी मॅच चालूच! स्क्रीन मिररिंग म्हणजे हे नव्हे हां, त्यात अख्खी स्क्रीन जाते, व्हॉट्सॲपचे मेसेजसुद्धा सगळ्या घराला दिसतात, वर बॅटरी खातं ते वेगळंच.

वायफाय बरं असेल तर आईबाबांसाठी कास्टच लावून द्या, वायरची कटकट नको.