रत्नागिरीतलं बिलियर्ड्सचं दुकान: क्यू चांगले, साठवण ढिली

बिलियर्ड्सच्या सामानाचं वेगळं दुकान कोकणात असणं हीच मोठी गोष्ट. क्यू म्हणजे चेंडू मारायची काठी; पूल आणि स्नूकर हे बिलियर्ड्सचेच दोन प्रकार. मेपल लाकडाचे पूल क्यू आणि ॲश लाकडाचे स्नूकर क्यू, दोन्ही इथे मिळतात. विक्रेता आधी विचारतो, खेळणार कशावर? रास्त प्रश्न आहे. पूल क्यूचं टोक साधारण १२ ते १३ मिमी, स्नूकरचं ९ ते १० मिमी. बारीक टोकाने पूलचा जड रॅक (सुरुवातीला एकत्र रचलेले चेंडू) फोडत राहिलं तर फेरूल, म्हणजे टोकाजवळचं टोपण, तडकतो.

वजनं १८ ते २१ औंस, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅम. नवख्याने १९ घ्यावं.

क्यू टेबलावर लोळवून पाहू देतात, हे उत्तम. पण जोडलेला क्यू डुगडुगला तर दोष जोडाचाही असू शकतो. म्हणून शाफ्ट, म्हणजे टोकाकडचा अर्धा भाग, सुटा करून वेगळा लोळवा, मग एक डोळा मिटून बुडाकडून टोकाकडे नजर टाका.

खटकते ती मांडणी. क्यू भिंतीला तिरके टेकवलेले! पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, त्यात तिरकं राहिलं की वाकतं. दर्शनी नग घेऊ नका, केसमधला (पेटीतला) मागा.

टिप (टोकावरची चामड्याची चकती) बदलून देतात, काम स्वच्छ. जुना गोंद खरवडून फेरूलचं तोंड सपाट करतात. हे टाळलं तर टिप उडते. गोंद नीट सुकायला क्यू रात्रभर तिथेच राहू द्या.

पितळी जोड खाऱ्या हवेने हिरवा पडतो. कोरड्या फडक्याने पुसा, केसमध्ये ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाका. त्या मात्र दुकानात मागूनच घ्याव्या लागतात.