अडकलेली जागा सोडवणे: हाताने की आपोआप?

व्हीएमवेअरच्या आभासी यंत्रांत, म्हणजे सॉफ्टवेअरने चालवलेल्या संगणकांत, थिन पद्धतीच्या डिस्कला लागेल तशी जागा मिळते. पण फाइल पुसल्यावर अनमॅपचा, म्हणजे ‘ही जागा आता मोकळी आहे’ असे सांगणारा, आदेश पोहोचेपर्यंत स्टोरेज ती जागा वापरातलीच धरते. जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या पतसंस्थेत, जिथे नव्या डिस्कच्या खरेदीसाठी संचालक मंडळाच्या सभेची वाट पाहावी लागते, तिथे ही जागा वेळेत सोडवणे फार मोलाचे ठरते.

व्हीएमवेअरच्या व्हीएमएफएस-५ या फाइल-प्रणालीवर, २०१३ च्या व्हीस्फिअर ५.५ (आभासी यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर) पासून, त्यासाठी ईएसएक्ससीएलआय या आदेश-साधनाचा आदेश हाताने द्यावा लागतो. मूळ सेटिंगप्रमाणे एका फेरीत २०० ब्लॉक, म्हणजे १ एमबीच्या ब्लॉकवर २०० एमबी सुटतात. या कामाचा स्टोरेजवर ताण पडतो; मात्र वेळ आपल्या हातात असते, आणि केळीच्या हंगामात दिवसभर व्यवहार चालू असताना ते रात्रीवर ढकलता येणे हा या पद्धतीचा खरा गुण आहे. आदेश द्यायचा राहिला, तर जागा तशीच अडकून पडते.

२०१६ च्या व्हीस्फिअर ६.५ सोबत आलेले व्हीएमएफएस-६ हे काम पार्श्वभूमीवर, सावकाश आणि आपोआप करते; ६.७ पासून वेगही ठरवता येतो. अडचण स्थलांतराची आहे: जुना डेटास्टोअर (यंत्रांच्या डिस्क ठेवण्याचा साठा) जागच्या जागी बदलत नाही, नवा तयार करून सर्व आभासी यंत्रे तिकडे हलवावी लागतात. तरीही माझा कौल यालाच आहे, कारण मोठी सफाई केल्यावर हाताने आदेश देण्याची सोय इथेही आहे. लिनक्सच्या यंत्रात आतून एफएसट्रिम, म्हणजे पुसलेली जागा खाली कळवणारा आदेश, चालवणे मात्र दोन्हीकडे विसरू नये.